ती राख ब्रह्मास्त्राची नाही, गोठणीची आहे

मावशी गेल्या महिन्यात बायकांच्या ट्रिपबरोबर हंपीला जाऊन आली. येताना केळीच्या सोपटाच्या पिशव्या आणल्या, सगळ्यांना वाटल्या. त्यांच्याबरोबर अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीएवढी आणखी एक पिशवी होती, प्लास्टिकची, वर रबर लावलेली, राखेनं भरलेली. हंपीजवळ निंबापुरम म्हणून गाव आहे. तिथलं राखेचं टेकाड म्हणजे वालीच्या चितेची रक्षा, असं तिकडचे लोक मानतात. ट्रिपमधल्या कुणीतरी तिथून सगळ्यांसाठी राख भरून घेतली होती. मावशीनं ती देव्हाऱ्यात ठेवली. इथवर मी काही बोलले नाही. श्रद्धेनं आणलेल्या वस्तूवर लगेच तोंड टाकू नये, एवढं मला कळतं.

पण त्याच रात्री तिनं घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज पुढे ढकलला. आणि दोन दिवसांनी वहिनीकडून कळलं की त्या मेसेजवर भरवसा ठेवून आठ महिन्यांच्या बाळाला त्यातली चिमूटभर राख मधातून चाटवली गेली होती. तेव्हा मात्र माझा संयम सुटला.

मेसेज थोडक्यात असा. बळ्ळारी-रायचूर भागात राखेच्या शंभरावर टेकड्या आहेत. ही राख पाच हजार वर्षांपूर्वीच्या महाभारतातल्या ब्रह्मास्त्राची, म्हणजे अणुबॉम्बची. पुरावा काय, तर राखेतले खडे वितळून काचेसारखे झालेत आणि एवढी उष्णता अणुस्फोटाशिवाय होऊच शकत नाही. विदेशी प्रयोगशाळेनं तपासलं तेव्हा राख ‘रेडिओ’ निघाली. इंग्रजांनी आपला अपमान करायला हिला शेणाची राख ठरवलं आणि आपल्या पुरातत्त्व खात्यानं तीच री ओढली. सत्य दडवायला आता तिथं कुंपणं घालून फलक लावलेत. ही राख दिव्य आहे, चिमूटभर घेतली की सांधेदुखी आणि मधुमेह जातो, शेतात टाकली की पीक दुप्पट येतं. बंदी येण्याआधी जमेल तेवढी घेऊन या.

खाण्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं चुकीचं असलं तरी त्यानं कुणाचा जीव जात नाही.

मावशीच्या घरी जाऊन मी ती पिशवी वर्तमानपत्रावर ओतली आणि चहाच्या गाळणीनं चाळली. खाली पडली ती मऊ, करडी-पांढरट भुकटी. वर गाळणीत राहिले ते वीस-पंचवीस खडे. त्यातला एक अंगठ्याएवढा होता, वजनाला अगदी हलका, आत सगळी भोकं, पावासारखा. एका बाजूनं हिरवट-काळा आणि चकचकीत. चमच्यानं दाबला तर करकर आवाज करून तुटला आणि तुटलेली कड माझ्या बोटाला लागली. ती कड म्हणजे काच होती. मेसेजमध्येच लिहिलंय की खडे काचेसारखे झालेत, आणि त्याच मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की ही राख खा. आठ महिन्यांच्या लेकराच्या घशात असली कणी गेली असती तर काय झालं असतं याचा विचार त्या मेसेजच्या लेखकानं केला नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांपैकी कुणीही केला नाही. राख हजारो वर्षं उघड्यावर पडलेली. तिच्यावरून जनावरं गेलीत, उंदीर-घुशींनी बिळं केलीत, पावसानं आजूबाजूची माती तिच्यात धुऊन आणलीय. तिनं मधुमेह बरा होतो हे कुणी, कुठं, कुणावर पाहिलं? मेसेजमध्ये एकाही माणसाचं, एकाही दवाखान्याचं नाव नाही. आणि जाता जाता: वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ती चूक आपल्याकडे राखेशिवायही सर्रास होते.

मावशी म्हणाली, “अगं, विभूतीही राखच की.” बरोबर आहे. विभूती परंपरेनं गाईच्या शेणाची करतात आणि आपण ती कपाळाला लावतो. हे मला मान्यच करावं लागलं, आणि गंमत म्हणजे पुढचा सगळा मुद्दा त्यातच आहे. निंबापुरमची राखही शेणाचीच आहे. फक्त ती कुणी विभूती म्हणून गाळून केलेली नाही.

आता काचेकडे येऊ. मेसेजमधला हा एकच मुद्दा आहे जो ऐकून चांगला शिकलेला माणूसही गप्प होतो. राख वितळून काच कशी होईल? त्यासाठी अणुबॉम्बच लागणार!

आमचं आजोळ कागल भागातलं. तिथं आमचं गुऱ्हाळ होतं. हंगामात आठ-आठ दिवस चुलवाण थंड होत नसे. जळव्या रात्रंदिवस चिपाड आत सारत बसलेला असायचा आणि वर काईल रटरटत असायची. चुलवाण विझलं की राख उपसायचं काम असे, आणि आम्ही पोरं त्या राखेत खडे शोधायचो. हिरवे-काळे, चकचकीत, आत फुगे असलेले. काही काही तर बांगडीच्या तुकड्यासारखे दिसायचे. आम्ही त्यांना ‘हिरे’ म्हणायचो आणि काड्यापेटीत घालून ठेवायचो. ते कुठल्या अस्त्राचे नव्हते. उसाच्या चिपाडाच्या राखेचे होते.

त्यामागचं कारण साधं आहे. ऊस, गवत, ज्वारी-बाजरीचा कडबा ही सगळी एकाच कुळातली पिकं. ही झाडं जमिनीतून सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच द्रव्य, शोषून घेतात आणि पानांत, ताटांत साठवतात. गवताचं पातं हातातून ओढलं की बोट कापतं, ते त्यामुळेच. झाड जळलं तरी सिलिका जळत नाही, राखेत राहते. राखेत पोटॅशही असतं. वाळू एकटी वितळवायला प्रचंड उष्णता लागते, पण पोटॅशसारखा क्षार सोबत असला की ती बऱ्याच कमी उष्णतेत पाघळते. जुन्या काळी काच करणारे कारागीर वाळूत झाडांची राख मिसळायचे ते याच कारणानं. गाय-बैल खातात गवत आणि कडबा, त्यामुळे शेणात तीच सिलिका आणि तेच क्षार येतात. शेणाचा मोठा ढीग पेटला की तो ज्वाळेनं भडाभडा जळत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. वरचा राखेचा थर गोधडीसारखं काम करतो आणि आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. वीटभट्टीच्या पोटात ज्या विटा जास्त भाजतात त्या वितळून एकमेकींना चिकटतात, निळ्या-काळ्या होतात. आपण त्यांना खंगर म्हणतो. आजवर एकाही भट्टीवाल्यानं खंगर पाहून अणुस्फोटाची तक्रार केलेली नाही.

हे माझं गुऱ्हाळाचं ज्ञान झालं. शास्त्रीय तपासणी हवी असेल तर तीही झालेली आहे, साठ वर्षांहून जुनी. लंडनच्या पुरातत्त्व संस्थेतले फ्रेडरिक झॉयनर यांनी बळ्ळारीजवळच्या कुपगलच्या टेकाडातले नमुने रासायनिक कसोट्यांनी तपासले आणि ही जळलेल्या शेणाची राख असून, उष्णता पुरेशी झाली की ती वितळून असा काचेरी मळ होतो, असं दाखवून दिलं.

अणुस्फोटाची काच कशी असते हेही माहीत आहे. १६ जुलै १९४५ ला अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुबॉम्ब फोडला तेव्हा तिथली वाळू वितळून जमिनीवर हिरवट काचेचा पातळ पापुद्रा पसरला. एक स्फोट, एक पापुद्रा. राखेच्या टेकाडात असं काही नाही. तिथं थरांवर थर आहेत. मऊ राख, मग वितळलेला मळ, मग न जळलेलं किंवा अर्धवट जळलेलं शेण, मग परत राख. काही टेकाडं माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंच आहेत. हे एका दिवसात झालेलं काम नाही, पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं आहे.

आणि इथं मला उत्नूरबद्दल सांगायलाच हवं, कारण ते वाचल्यावर ब्रह्मास्त्राची गोष्ट एक क्षणही उभी राहू शकत नाही.

उत्नूर हे गाव तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यात, आताच्या तेलंगणात, कृष्णेच्या उत्तरेला. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी तिथलं राखेचं टेकाड खणलं. पुढे १९६३ मध्ये या टेकाडांवर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते आजही या विषयात पहिलं उघडलं जातं. त्यांना टेकाडाच्या खाली ओळीनं खळगे सापडले. लाकडाची जाड खोडं रोवून केलेल्या कुंपणाचे ते खळगे. खोडं जळून, कुजून गेली तरी त्यांच्या जागा जमिनीत राहतात. कुंपण एकदाच घातलेलं नव्हतं. जळाल्यावर परत घातलं होतं, परत जळालं होतं. आणि राखेच्या थरांखाली दबलेल्या जमिनीवर गुरांच्या खुरांचे ठसे होते.

खुरांचे ठसे! आपल्या गोठ्यात पाऊस पडून गेल्यावर चिखलात उमटतात तसे, दोन फाकांचे. हजारो वर्षांपूर्वी एक जनावर ओल्या जागेवरून चाललं, तो ठसा वाळला, वरून राख पडली आणि तो तसाच राहिला. मी त्याचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ तेच बघत बसले होते. आता मेसेजवाल्यांना विचारा: ज्या ठिकाणी ब्रह्मास्त्र पडून दगड वितळले, तिथं परत लाकडं रोवून कुंपण कोण घालतं? परत गुरं कोण कोंडतं? परत शेण साचू देऊन परत कोण पेटवतं? आणि तेही शेकडो वर्षं?

ऑल्चिन इंग्रज होते म्हणून त्यांच्यावर विश्वास नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजवर ठेवा. तिथले ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांचे विद्यार्थी बी. सुब्बाराव यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला उत्खनन केलं. पुढे तिथंच झैनुद्दीन अन्सारी आणि नागराज राव यांनी काम केलं. आणि १९९० च्या दशकात डेक्कन कॉलेजचेच के. पद्दय्या यांनी सुरपूर तालुक्यातल्या बूदिहाळला कित्येक हंगाम खणलं. कन्नडमध्ये ‘बूदी’ म्हणजे राख. गावाच्या नावातच राख आहे. तिथं नुसतं टेकाड सापडलं नाही, अख्खी वस्ती सापडली. घरांच्या जागा, गुरं कोंडायचं आवार, गारगोटीसारख्या दगडाची पाती काढायची जागा, लहान मुलांची दफनं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मडक्यात पुरलेली लेकरं सापडली, त्याची आठवण मला हे वाचताना झाली. बूदिहाळला जनावरं कापायची जागाही सापडली, तिथं गुरांची हाडं होती आणि त्यांवर पात्यांनी कापल्याच्या खुणा होत्या. हे कुणाला आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण हाडं जशी आहेत तशीच सांगावी लागतात.

म्हणजे ही माणसं गुराखी होती. दक्षिण दख्खनमध्ये सगळ्यात आधी गुरं पाळून, थोडं कुळीथ, मूग आणि बारीक भरड धान्य पिकवून राहणारी. त्यांची गोठण, त्यांचं शेण, त्यांनी लावलेली आग. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात तेव्हा चार रात्रींत लेंड्यांचा केवढा थर होतो ते ज्यानं पाहिलंय, त्याला शेकडो गुरांचं शेण वर्षानुवर्षं एका जागी साचलं तर त्याचं टेकाड होईल हे वेगळं सांगायला नको.

ती आग का लावायचे, यावर मात्र अभ्यासकांचं एकमत नाही. ऑल्चिनना वाटलं की होळी, संक्रांत यांसारख्या सणांची ही जुनी मुळं असावीत. म्हैसूरकडे अजूनही संक्रांतीला गाई-बैलांना सजवून जाळावरून उड्या मारायला लावतात. पद्दय्यांच्या मते बूदिहाळचं टेकाड हे कोंडवाडा नव्हे, शेजारच्या आवारातलं शेण आणून टाकायची जागा, वेळोवेळी जाळलेली. कुणी म्हणतं रोगराई आणि गोचीड-माशी मारायला, कुणी म्हणतं ही मुद्दाम उंच केलेली, दुरून दिसावी अशी खूण होती. मला स्वतःला वाटतं की गरज आणि सण असे दोन वेगळे कप्पे त्या माणसांच्या मनात नसावेत. आपणही बेंदराला बैल धुतो ते स्वच्छतेसाठी की पूजेसाठी, असं कुणी विचारलं तर काय सांगणार?

‘रेडिओ’चा मुद्दा दोन ओळींत संपतो. राखेतल्या कोळशाचं वय काढायच्या पद्धतीला रेडिओकार्बन म्हणतात. प्रत्येक सजीवात थोडा कार्बन-१४ असतो, मेल्यावर तो ठरलेल्या वेगानं कमी होतो, आणि तो किती उरलाय यावरून वय कळतं. तुमच्या-माझ्या हाडांतही तो आहे. कुणीतरी ‘रेडिओ’ एवढाच शब्द उचलला आणि त्याचा बॉम्ब केला. उलट अणुस्फोटांनी हवेतला कार्बन-१४ वाढतो. १९५०-६० च्या दशकांतल्या चाचण्यांनी तो जवळजवळ दुप्पट झाला होता. तसं काही त्या काळी झालं असतं तर या राखेचं वय खऱ्यापेक्षा कमी निघालं असतं, आणि मग मेसेजवाल्यांचे ‘पाच हजार वर्षं’ कुठून आले असते?

ते पाच हजार मात्र अगदीच हवेतले नाहीत, हे कबूल करते. दक्षिणेतल्या या नवाश्मयुगाची, म्हणजे दगडी हत्यारं वापरून गुरं पाळणाऱ्या, शेती करणाऱ्या माणसांच्या काळाची सुरुवात साधारण इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपास धरतात आणि शेवट १२०० च्या आसपास. म्हणजे सगळ्यात जुनी टेकाडं पाच हजार वर्षांच्या जवळ जातात. पण ही टेकाडं एकाच दिवशी काय, एकाच शतकातसुद्धा झालेली नाहीत. काही पेटत होती तेव्हा काही कधीच विझून त्यांवर गवत उगवलं होतं.

लोककथा जुनी आहे, हेही खरं. १८३० च्या दशकात कॅप्टन न्यूबोल्ड कुडतिनीच्या टेकाडापाशी गेला तेव्हा लोकांनी त्याला ही राक्षसाच्या हाडांची राख म्हणून सांगितलं. हिडिंबासुराला भीमानं मारलं त्याची. ती कथा मला आवडते. पण तिच्यात ब्रह्मास्त्र कुठं आहे? भीमानं हिडिंबाला कुस्तीत, नुसत्या हातांनी मारलं. महाभारत तेच सांगतं. आणि निंबापुरमची कथा तर रामायणातली आहे. वाली बाणानं पडला आणि त्याला रीतसर अग्नी दिला गेला. मेसेजनं भीमाची कुस्ती काढून टाकली, वालीची चिता काढून टाकली, दोन युगं एकत्र कालवली आणि वर अणुबॉम्ब बसवला. यात आपल्या ग्रंथांचा मान कुठं राखला गेला? त्या भागातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या गोष्टींपेक्षा हा मेसेज कितीतरी दरिद्री आहे.

इंग्रजांनी अपमान करायला शेण म्हटलं, हे तर सरळ खोटं. इंग्रजांना शंभर वर्षं हे काय आहे तेच कळत नव्हतं. न्यूबोल्डच्या काळात ज्वालामुखीचा मळ असेल का यावर चर्चा चालली होती. रॉबर्ट सेवेल यांनी १८९९ मध्ये विजयनगरच्या काळातल्या सतींच्या चितांशी याचा संबंध लावला. लाँगहर्स्टना मोठ्या लढाईनंतरचं सामुदायिक दहन वाटलं. कुणाला लोखंड गाळायच्या भट्ट्या वाटल्या. अपमानच करायचा होता तर सतीची कथा त्यांना जास्त सोयीची होती. शेणाची दिशा दाखवली ती रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं, कारण त्याला या टेकाडांत आणि आजूबाजूला दगडी कुऱ्हाडी सापडत होत्या आणि आफ्रिकेतल्या काटेरी कुंपणाच्या गुरवाड्यांची माहिती होती. तीही लगेच कुणी मानली नाही. पुरावा पुरता जमायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

आणि शेण म्हटल्यानं अपमान कुणाचा होतो? माझी आजी रोज पहाटे अंगण शेणानं सारवायची. तिच्या हाताच्या पाच बोटांच्या खुणा प्रत्येक शेणीवर असायच्या. पावसाळ्याआधी शेणी रचून त्यांच्यावर पाचट घालून ठेवलेलं असायचं, त्यावर वर्षभर आमचं पाणी तापायचं. शेण म्हणजे घाण असं ज्याला वाटतं त्यानं हा मेसेज लिहिलाय, आणि तो आपल्याला आपली संस्कृती शिकवतोय. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

शेतीचं एका वाक्यात: राखेत चुना, पालाश, स्फुरद असतं, थोडा फायदा होतही असेल, आणि त्याच कारणानं लोकांनी गाड्याच्या गाड्या भरून कित्येक टेकाडं नाहीशी केली, पण पीक दुप्पट होण्याची गोष्ट खोटी आहे, आणि राखच हवी असेल तर ती आपल्या चुलीत आहे.

उरला फलकाचा मुद्दा. काही टेकाडं संरक्षित आहेत, बरीचशी नाहीत. जी केंद्राच्या यादीत आहेत त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागू होतो, राज्याच्या यादीतल्यांना कर्नाटकाचा १९६१ चा. केंद्राच्या संरक्षित स्थळी तोडफोड केली, काही काढून नेलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीनं भोवतीच्या १०० मीटरांत बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीशिवाय नाही. ज्या शेतकऱ्याचं रान त्या शंभर मीटरांत येतं त्याला याचा जाच होतो. त्याला साधी खोली बांधता येत नाही आणि खात्याच्या कचेऱ्यांत खेटे घालावे लागतात. त्याची तक्रार खरी आहे आणि ती ऐकली पाहिजे. पण याला दडवणं म्हणत नाहीत. दडवायचं असतं तर उत्खननांचे अहवाल छापले असते का? ते वाचनालयांत आहेत, कुणीही मागून वाचावेत. खरं दडवणं कशानं होतं, तर पिशव्या भरून नेल्यानं.

कारण टेकाड म्हणजे नुसती राख नाही, राखेचा क्रम आहे. गावच्या फेरफार नोंदींसारखा. कुठली नोंद कुठल्या नोंदीनंतर आली यावर सगळा हक्क ठरतो. मधली चार पानं फाडून नेली तर उरलेली पानं जागेवर असूनही वाचता येत नाहीत. कुठल्या थरात शेण जळालंय आणि कुठल्यात नाही, कुठल्या ऋतूत गुरं तिथं होती, काय खात होती, किती वर्षं जागा ओस पडली होती, हे सगळं त्या थरांच्या क्रमावरून आणि राखेतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या गवताच्या कणांवरून काढता येतं. आज येतं त्याहून जास्त पुढच्या अभ्यासकांना काढता येईल, जर तोवर राख तिथं राहिली तर. संगनकल्लू-कुपगलच्या डोंगरांत नवाश्मयुगातल्या माणसांनी खडकांवर गुरांची चित्रं कोरली आहेत, आणि ठोकल्यावर घंटेसारखे वाजणारे दगडही तिथं आहेत. त्याच डोंगरांना दगडखाणींनी कुरतडलंय. एका बाजूनं सुरुंग, दुसऱ्या बाजूनं पर्यटकांच्या पिशव्या. मावशीसारख्या बायका एकेक मूठ नेतात, पण बस पन्नास जणांची असते आणि हंपीला बस रोज येतात.

हे सगळं मी मावशीला सांगितलं, तिच्या स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभी राहून. जरा जोरातच बोलले. नंतर वाईट वाटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग गाळणीतला तो तुटलेला खडा तिनं उचलला, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघितला, चष्मा वर करून परत बघितला. ती माझ्या आईची धाकटी बहीण, त्याच गुऱ्हाळात वाढलेली. म्हणाली, “हे तर आपल्या चुलवाणातलं दिसतंय गं.”

बाळ बरं आहे. डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले, काही झालं नाही. पिशवी मी माझ्याकडे घेतली आहे. त्यावर निंबापुरमचं नाव आणि आणल्याची तारीख लिहिली आहे. ती राख आता तिच्या थरात परत जाऊ शकत नाही, पण डिसेंबरात होसपेटला जाणं आहे, तेव्हा हंपीच्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत नेऊन देईन. मावशीनं ग्रुपवर स्वतः लिहिलं: “ती राख कुणी खाऊ नका. जनावरांच्या शेणाची आहे, हजारो वर्षांपूर्वीची. मी आणायला नको होती.”

परवा तोच मेसेज मला शाळेच्या जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर परत आला, शेवटी एक नवी ओळ जोडून: गरोदर बायकांनी रोज चिमूटभर घ्यावी. तुमच्यापर्यंत आला असेल, आणि घरात कुणी हंपीहून परतलं असेल, तर आजच फोन करून विचारा की सोबत पिशवी आणली आहे का.